गोच्या पटावर संगणक का अडला?

११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. सेकंदाला वीस कोटी पटस्थिती तपासणाऱ्या या यंत्राची बातमी जगभर गाजली. त्याच वर्षी गो या खेळातल्या एका संगणकीय प्रोग्रॅमलाही बक्षीस मिळाले. त्याची मात्र फारशी वाच्यता झाली नाही. त्याचे नाव ‘हँडटॉक’. तो लिहिला होता चीनमधील ग्वांगझौच्या विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक चेन झिशिंग यांनी. हँडटॉकचे प्रतिस्पर्धी होती अकरा ते तेरा वर्षांची तीन मुले, आणि डाव सुरू होण्याआधीच त्याला पटावर अकरा खडे मांडून दिलेले होते. एवढी सवलत घेऊन शाळकरी मुलांना हरवणे हाच तेव्हा बक्षिसाला पात्र पराक्रम होता.

त्याच उन्हाळ्यात प्रिन्स्टनचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ आणि गोचे चाहते पीट हट यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितले, की गोमध्ये माणसाला हरवायला संगणकाला शंभर वर्षे लागतील, कदाचित त्याहूनही जास्त. प्रत्यक्षात एकोणीस वर्षे लागली. हट यांचा अंदाज चुकला, तरी त्यामागचे निदान चुकीचे नव्हते. तेव्हाच्या पद्धतीने, म्हणजे नुसता वेग वाढवत नेऊन, हा खेळ संगणकाच्या हाती लागणार नव्हता. असे काय होते या खेळात?

नियम पाच मिनिटांचे

गोचा उगम चीनमध्ये झाला. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ हा खेळ अखंड खेळला जात आहे. चीनमध्ये त्याला वेइची, कोरियात बादुक आणि जपानमध्ये इगो म्हणतात. उरलेल्या जगाने तो जपानकडून घेतला, म्हणून ‘गो’ हे नाव रूढ झाले.

पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा असतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खडे ठेवायचे; चौकोनांत नव्हे. असे छेदबिंदू ३६१. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. जपानमधल्या उंची संचात काळे खडे पाषाणाचे आणि पांढरे जाड शिंपल्याचे घडवलेले असतात. सुरुवातीला पट पूर्ण रिकामा असतो. काळा आधी खेळतो, मग दोघे आळीपाळीने एकेक खडा ठेवत जातात. ठेवलेला खडा पुन्हा हलत नाही.

प्रत्येक खड्याला लागून वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे जे रिकामे बिंदू असतात, ती त्याची मोकळीक. एकाच रंगाचे खडे रेघेवरून एकमेकांना लागून असले, की त्यांचा गट होतो आणि त्यांची मोकळीकही सामायिक होते. प्रतिस्पर्ध्याने गटाची सगळी मोकळीक भरली, की तो गट मेला; त्याचे खडे पटावरून उचलले जातात. पण एखाद्या गटाने आपल्या पोटात दोन वेगवेगळे रिकामे बिंदू राखले, तर तो कधीच मरत नाही. शत्रूला एका वेळी एकच खडा ठेवता येतो, एका बिंदूत शिरलेल्या त्याच्या खड्याला स्वतःलाच मोकळीक उरत नाही, आणि दोन्ही बिंदू एकदम भरता येत नाहीत. या बिंदूंना ‘डोळे’ म्हणतात. दोन डोळ्यांचा गट अमर, हा गोमधला पहिला धडा.

आणखी एक नियम ‘को’चा. एक खडा मारला, लगेच उलट मारला, पुन्हा मारला, असे चक्र अखंड चालू राहू नये म्हणून लगोलग जुनी स्थिती परत आणायला बंदी आहे. डाव संपतो तो दोघांच्या संमतीने. आता खेळून काही मिळणार नाही असे वाटले, की खेळाडू आपली पाळी सोडतो. दोघांनी ओळीने पाळी सोडली, की मोजणी होते. ज्याच्या खड्यांनी अधिक मुलूख राखला तो जिंकला. काळ्याला पहिल्या चालीचा फायदा मिळतो, त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला जपान आणि कोरियात साडेसहा, तर चीनमध्ये साडेसात गुण देतात. तो अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी.

एवढेच नियम. सहा-सात वर्षांची मुले ते एका बैठकीत शिकतात. चीन, जपान आणि कोरियात व्यावसायिक होऊ पाहणारी मुले त्याच वयापासून दिवसाचे कित्येक तास पटासमोर घालवतात आणि तरीही त्यांतली मोजकीच व्यावसायिक ‘दान’ दर्जापर्यंत पोचतात.

संख्यांचे अरण्य

संगणकाची अडचण सांगताना सगळे आधी आकडे पुढे करतात, आणि आकडे आहेतही थक्क करणारे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंच्या मिळून पहिल्या चार चाली १,९७,२८१ प्रकारे खेळता येतात. गोमध्ये त्याच चार चाली १,६७० कोटींहून अधिक प्रकारे होतात. डावाच्या मध्यावर बुद्धिबळपटूसमोर सरासरी पस्तीस चाली असतात. गोपटूसमोर सुमारे अडीचशे. बुद्धिबळाचा डाव दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण ऐंशी चालींत संपतो, गोचा दीडशे किंवा त्याहून अधिक.

प्रत्येक बिंदू काळा, पांढरा किंवा रिकामा असू शकतो. म्हणजे ३ चा ३६१ वा घात इतक्या मांडण्या झाल्या. त्यांतल्या बऱ्याचशा नियमात बसत नाहीत, कारण त्यांत मोकळीक नसलेला गट पटावर राहिलेला असतो. नियमात बसणाऱ्या स्थिती नेमक्या किती, हे जॉन ट्रॉम्प या संगणकशास्त्रज्ञाने जानेवारी २०१६ मध्ये मोजून पूर्ण केले. उत्तर १७१ अंकी आहे आणि २०८ ने सुरू होते. एकूण मांडण्यांच्या तुलनेत ते जेमतेम सव्वा टक्का भरते. दृश्य विश्वातील अणूंची संख्या १ वर ८० शून्ये इतकी धरतात. प्रत्येक अणूच्या जागी आपल्या विश्वाएवढे एकेक विश्व ठेवले आणि त्या सगळ्यांतले अणू मोजले, तरी आकडा १६० शून्यांपाशी थांबतो.

संगणकशास्त्राच्या भाषेतही गो कठीण कोटीत बसतो. पट कितीही मोठा करता येतो असे धरले, तर जपानी को नियमाने खेळल्या जाणाऱ्या गोमध्ये कोण जिंकणार हे ठरवायला लागणारे काम पटाच्या आकाराबरोबर घातांकी वेगाने वाढते, हे जे. एम. रॉबसन यांनी १९८३ मध्ये सिद्ध केले.

पण आकड्यांचे उत्तर अर्धेच आहे. त्याचा पुरावा गोमध्येच सापडतो. शिकाऊ खेळाडूंसाठी ९ बाय ९ रेघांचा छोटा पट असतो. त्यावर नियमात बसणाऱ्या स्थिती सुमारे १ वर ३८ शून्ये इतक्या, म्हणजे बुद्धिबळाच्या अंदाजित स्थितींपेक्षा लाखो पटींनी कमी. आकडा हेच कारण असते, तर कास्पारोव्हला हरवण्याच्या कितीतरी आधी संगणकाने हा छोटा पट जिंकायला हवा होता. तसे झाले नाही. २००५ पर्यंत चांगले हौशी खेळाडू या छोट्या पटावरही यंत्रांना लीलया हरवत होते. खरा अडसर दुसरीकडे होता.

पटाची किंमत कोण सांगणार?

बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा आराखडा क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये मांडला. शेवटपर्यंतच्या सगळ्या शक्यता तपासणे अशक्य, म्हणून काही चाली पुढे पाहायचे आणि तिथे थांबून त्या स्थितीला गुण द्यायचे. वजिराला नऊ, हत्तीला पाच, उंट आणि घोड्याला तीन-तीन, प्याद्याला एक. त्यात राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना असे काही बारकावे मिळवायचे. ज्या चालीने सर्वांत चांगले गुण हाती लागतात ती खेळायची. डीप ब्लूचा गाभा हाच होता. त्याचे गुणांकन फार सूक्ष्म होते आणि वेग अचाट होता, पण कल्पना शॅनन यांचीच.

गोमध्ये ही कल्पना पहिल्याच पायरीवर कोसळते. सगळे खडे सारखे, त्यामुळे मोहऱ्यांची बेरीज करून काही कळत नाही. पटावर दोघांचे खडे जवळपास सारखेच असतात. मारलेले खडे मोजावेत, तर चार खडे मुद्दाम मरू देऊन त्याबदल्यात बाहेरून भक्कम तटबंदी बांधणे हा चांगल्या खेळाडूचा नित्याचा डाव. मुलूख मोजावा, तर मध्यावर तो कुणाचाच झालेला नसतो. सगळे अर्धवट कुंपणांचे असते.

त्यात खडा जिवंत की मेलेला हा प्रश्न. एखादा गट पटावर दिमाखात उभा दिसतो, पण त्याला दोन डोळे करता येणार नाहीत हे दोन्ही खेळाडूंना ठाऊक असते. म्हणून त्याला मारायला कुणी वेळ दवडत नाही. तो तसाच पडून राहतो आणि शेवटी मोजणीच्या वेळी मेलेला म्हणून उचलला जातो. मात्र त्याच्या अस्तित्वामुळे वीस चालींनंतर शेजारी एखादी धमकी शक्य झाली, तर मेलेला गट पुन्हा उपयोगी पडतो. याचा अर्थ, पटाची किंमत ठरवायची तर आधी प्रत्येक गटाचे भवितव्य ठरवायला हवे, आणि गटाचे भवितव्य शेजारच्या गटांवर अवलंबून असते.

बुद्धिबळात मारामारी होत गेली, की मोहरे कमी होतात आणि पट सोपा होत जातो. गोमध्ये पट भरत जातो. विसाव्या चालीला कोपऱ्यात ठेवलेला खडा दीडशेव्या चालीला निर्णायक ठरू शकतो. अमुक चाल का खेळलात असे व्यावसायिक खेळाडूला विचारले, तर कित्येकदा उत्तर येते, की आकार चांगला होतो, किंवा इथे जड वाटत होते. हे उत्तर टाळाटाळीचे नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने नजरेत मुरलेले ज्ञान असे व्यक्त होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढे प्रश्न हा, की ‘जड वाटणे’ संगणकाला कोणत्या सूत्रात सांगायचे?

शिडी

गोमधला एक अगदी प्राथमिक डाव जवळून पाहिला, तर ही अडचण हातात धरल्यासारखी दिसते. त्याला ‘शिडी’ म्हणतात.

काळ्याच्या एका खड्याची मोकळीक दोन बिंदूंवर आली आहे. पांढरा त्यांतला एक बिंदू भरतो. आता काळ्याला एकच मोकळा बिंदू उरला, पुढच्या चालीला मरण. म्हणून काळा त्या बिंदूवर खडा ठेवून गट लांबवतो. पुन्हा दोन बिंदू मोकळे होतात. पांढरा पुन्हा त्यांतला एक बंद करतो. काळा आता काटकोनात वळून पळतो. पांढरा पुन्हा अडवतो. असे एक पाऊल आडवे, एक पाऊल उभे करत काळ्या-पांढऱ्या खड्यांचा पायऱ्यापायऱ्यांचा पट्टा तिरका सरकत पटाच्या दुसऱ्या टोकाकडे जातो. कडेला पोचला, की काळ्याला पळायला जागा राहत नाही आणि एका खड्याऐवजी पंचवीस-तीस खड्यांचा गट मरतो.

मात्र वाटेत काळ्याचा एखादा एकटा खडा आधीपासून असेल, तर पळणारा गट त्याला जाऊन मिळतो, मोकळीक वाढते आणि शिडी मोडते. आता आपत्ती पांढऱ्यावर. पाठलाग करताना त्याने ठेवलेले खडे जागोजागी उघडे पडलेले असतात.

नवशिक्या माणूस पहिल्या पायरीलाच तिरकी नजर टाकून पलीकडचा कोपरा पाहतो. वाटेत खडा आहे का? नाही, तर पळण्यात अर्थ नाही. एका दृष्टिक्षेपाचे हे काम. शाखा-शाखांनी पुढे पाहणाऱ्या यंत्राला मात्र तोच निष्कर्ष काढायला पन्नास-साठ चाली खोल जावे लागते. शिडीसाठी वेगळा नियम लिहून देता येतो, आणि प्रोग्रॅमकारांनी तो दिलाही. पण गोमध्ये अशी शेकडो प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाला अपवाद आहे. २००३ मध्ये कोरियाचा ली सेडोल एका डावात मोडणारी शिडी जाणूनबुजून खेळत गेला. पुस्तकी नियमाने ही घोडचूक. पण त्या ओघात पटाच्या दुसऱ्या भागात त्याला जे मिळाले ते इतके मोलाचे होते, की डाव त्यानेच जिंकला. या ली सेडोलचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

नियमावलीची चाळीस वर्षे

गोचा संपूर्ण डाव खेळणारा पहिला प्रोग्रॅम अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६८ च्या सुमारास तयार केला. काळ्या खड्याला धन आणि पांढऱ्याला ऋण अंक देऊन त्यांचा प्रभाव शेजारच्या बिंदूंवर पसरवत न्यायचा, म्हणजे कुणाचे वर्चस्व कुठे आहे याचा नकाशा मिळतो, अशी त्यांची युक्ती. अगदी नवख्या माणसाला हरवण्याइतपत ती उपयोगी पडली. पटस्थिती ओळखण्यासाठी झोब्रिस्ट यांनी शोधलेली दुसरी युक्ती, यदृच्छ संख्यांनी स्थितीला ठसा देण्याची, आजही बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये सर्रास वापरली जाते.

पुढची तीन दशके तज्ज्ञांचे ज्ञान नियमांच्या रूपात लिहून काढण्याचा खटाटोप चालला. कोपऱ्यांतल्या ठरीव सुरुवाती, जगण्या-मरण्याचे आकार, जोडण्या, तोडण्या. नियम वाढले तसे ते एकमेकांत अडकू लागले. एक चूक दुरुस्त करावी तर दुसरीकडे तीन निघत. तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांच्या प्रतिष्ठानाने १९८५ मध्ये व्यावसायिक दर्जाच्या खेळाडूला हरवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सुमारे चौदा लाख डॉलरचे बक्षीस ठेवले. मुदत २००० सालची. ती सरली, बक्षीस कुणीच घेऊ शकले नाही. १९९८ मध्ये मार्टिन म्यूलर या तगड्या हौशी खेळाडूने त्या काळच्या आघाडीच्या ‘मेनी फेसेस ऑफ गो’ या प्रोग्रॅमला एकोणतीस खड्यांची सवलत देऊनही हरवले. माणसांमध्ये नऊ खड्यांची सवलत ही सहसा कमाल मानतात.

न तोलता तोलणे

कोंडी फुटली ती वेगळ्याच दिशेने. पटाची किंमत सूत्रात मांडता येत नाही ना, मग मांडूच नका. आहे त्या स्थितीपासून दोन्ही बाजूंनी वाटेल तशा चाली खेळवत डाव शेवटपर्यंत न्या. शेवटी कोण जिंकले हे मोजायला अक्कल लागत नाही. असे हजारो डाव खेळवले आणि त्यांतले साठ टक्के काळ्याने जिंकले, तर स्थिती काळ्याला अनुकूल आहे असे धरा. मतमोजणीआधी काही हजार मतदारांना विचारून निकालाचा कल काढतात, तसाच हा प्रकार.

बेर्न्ट ब्रूगमन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये ही ‘माँटे कार्लो’ पद्धत गोला लावून पाहिली. तेव्हा तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २००६ मध्ये फ्रान्समधील रेमी कुलोम यांनी तिला चालींच्या वृक्षाची जोड दिली. ज्या फांद्यांवर निकाल चांगले येतात तिथे अधिक डाव खेळवायचे, बाकीच्या आपोआप मागे पडतात. त्याच वर्षी लेव्हेन्टे कोच्चिश आणि चाबा सेपेश्वारी या हंगेरियन संशोधकांनी किती वेळ जुन्या यशस्वी फांदीवर घालवायचा आणि किती नवी वाट चाचपायला द्यायचा, याचे गणिती सूत्र दिले. कुलोम यांच्या ‘क्रेझी स्टोन’ने त्याच वर्षी तुरीनच्या संगणक ऑलिम्पियाडमध्ये ९ बाय ९ च्या पटावर सुवर्णपदक पटकावले.

प्रगती झपाट्याने झाली. ऑगस्ट २००८ मध्ये ‘मोगो’ या प्रोग्रॅमने ॲम्स्टरडॅममधल्या महासंगणकाचे आठशे प्रोसेसर जुंपून ८ दान दर्जाचा व्यावसायिक खेळाडू किम म्युंगवान याला पूर्ण पटावर हरवले, नऊ खड्यांची सवलत घेऊन. २०१३ मध्ये क्रेझी स्टोनने जपानच्या इशिदा योशिओला चार खड्यांच्या सवलतीवर नमवले. बिनचूक मोजणीमुळे या इशिदाला तरुणपणी ‘कॉम्प्युटर’ हे टोपणनाव पडले होते.

सवलत चारवर आली आणि गाडी तिथेच रुतली. कारण यदृच्छ चालींत एक मूलभूत खोट होती. काही गट एकाच अरुंद वाटेने वाचतात. दहा चालींपैकी प्रत्येक चाल अचूकच पडावी लागते. वाटेल तसे खेळवलेल्या हजारो डावांत ती वाट क्वचितच सापडते आणि यंत्र जिवंत गटाला मेलेला समजते. कुठे पाहावे हे सांगणारी नजर अजूनही नव्हती.

नजर कमावलेले यंत्र

ती नजर लंडनच्या डीपमाइंड कंपनीने मिळवली. डेमिस हसाबिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये स्थापन केलेली ही कंपनी गूगलने २०१४ मध्ये विकत घेतली. डेव्हिड सिल्व्हर आणि आजा हुआंग यांच्या चमूने ‘अल्फागो’त चेतापेशींच्या धर्तीवरची दोन बहुस्तरीय गणिती जाळी बसवली. छायाचित्रात मांजर आहे की कुत्रा, हे ओळखणाऱ्या जाळ्यांच्याच जातीची ही जाळी होती. इथे छायाचित्राच्या जागी पट.

पहिल्या जाळ्याला चांगल्या खेळाडूंच्या डावांतल्या सुमारे तीन कोटी पटस्थिती दाखवण्यात आल्या. माणूस इथे कुठे खेळला असेल, हे ते ५७ टक्के वेळा बरोबर सांगू लागले. त्यामुळे अडीचशे शक्यतांपैकी विचार करण्याजोग्या मोजक्याच उरल्या. मग ते स्वतःशी खेळून आणखी तयार झाले. दुसऱ्या जाळ्याला अशा स्वतःशी खेळलेल्या डावांतल्या तीन कोटी स्थिती आणि त्यांचे अंतिम निकाल दाखवले गेले. पट पाहून जिंकण्याची शक्यता सांगायला ते शिकले. पन्नास वर्षे जे सूत्र कुणाला लिहिता आले नाही, ते यंत्राने अनुभवातून स्वतः तयार केले. लक्षावधी अंकांत विखुरलेले असल्याने ते माणसाला वाचता येत नाही, इतकेच.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अल्फागोने युरोपचा विजेता, २ दान व्यावसायिक फान हुई याला पाच-शून्य असे हरवले. ही बातमी ‘नेचर’मध्ये जानेवारी २०१६ मध्ये आली, म्हणजे ट्रॉम्प यांनी पटस्थितींचा आकडा पूर्ण केला त्याच महिन्यात. त्या शोधनिबंधातली एक नोंद या सगळ्या कहाणीचे सार आहे. फान हुईविरुद्ध अल्फागोने तपासलेल्या स्थिती डीप ब्लूने कास्पारोव्हविरुद्ध तपासलेल्या स्थितींपेक्षा हजारो पटींनी कमी होत्या. खेळ अधिक विराट, तरी तपासणी कमी. फरक पडला तो निवड आणि पारख यांमुळे.

९ ते १५ मार्च २०१६ दरम्यान सोलच्या फोर सीझन्स हॉटेलात ली सेडोलशी पाच डाव झाले. अठरा आंतरराष्ट्रीय विजेतेपदे नावावर असलेल्या लीने आपण पाच-शून्य किंवा चार-एक जिंकू असे आधी सांगितले होते. निकाल चार-एक लागला, पण अल्फागोच्या बाजूने.

दुसऱ्या डावातली सदतिसावी चाल विशेष गाजली. अल्फागोने उजव्या बाजूला कडेपासून पाचव्या रेघेवर, पांढऱ्या खड्याच्या खांद्याला खडा टेकवला. डावाच्या एवढ्या आरंभी पाचव्या रेघेवरून असे दाबू नये, कारण त्याने खालच्या खड्याला कडेचा मुलूख आयता मिळतो, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले होते. समालोचकांना क्षणभर खडा चुकून दुसरीकडे पडला असे वाटले. माणूस ही चाल खेळण्याची शक्यता अल्फागोच्याच जाळ्याने दहा हजारांत एक अशी मोजली होती, आणि तरीही पुढचा विचार करून तीच निवडली. डाव पुढे सरकला तसा तो खडा मध्यभागाच्या लढाईत नेमका कामाला आला.

चौथ्या डावात ली सेडोलने अठ्ठ्याहत्तराव्या चालीला मध्यभागी दोन काळ्या खड्यांमध्ये पाचर मारली. चीनचा दिग्गज खेळाडू गू ली याने तिला देवाच्या हातची चाल म्हटले. अल्फागोच्या हिशेबात तिचीही शक्यता दहा हजारांत एक होती. एकोणऐंशीव्या चालीला यंत्र चुकले, आणि आपण अडचणीत आहोत हे त्याला सत्याऐंशीव्या चालीच्या सुमारास उमगले, असे हसाबिस यांनी सांगितले. तो डाव लीने जिंकला.

मे २०१७ मध्ये चीनमधल्या वूझेन गावी तेव्हाचा अव्वल खेळाडू के जिए अल्फागोकडून तीन-शून्य हरला. ऑक्टोबरमध्ये ‘अल्फागो झीरो’ आला. त्याला माणसाचा एकही डाव दाखवलेला नव्हता. फक्त नियम दिले होते. तीन दिवसांत स्वतःशी ४९ लाख डाव खेळून त्याने ली सेडोलला हरवणाऱ्या आवृत्तीला शंभरपैकी शंभर डावांत धूळ चारली. गंमत अशी, की माणूस पहिल्याच आठवड्यात शिकतो ती शिडी या यंत्राला प्रशिक्षणात बरीच उशिरा उमगली.

तरीही भोक राहिले

ली सेडोल नोव्हेंबर २०१९ मध्ये व्यावसायिक खेळातून निवृत्त झाला. आता घरच्या संगणकावर चालणारे ‘काटागो’सारखे मोफत प्रोग्रॅम जगज्जेत्यांहून सरस खेळतात आणि व्यावसायिक खेळाडू त्यांच्याकडूनच सराव करून घेतात.

तरीही २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका हौशी खेळाडूने अशाच अव्वल प्रोग्रॅमविरुद्ध पंधरापैकी चौदा डाव जिंकल्याची बातमी आली. डाव खेळताना त्याने संगणकाची मदत घेतली नव्हती. युक्ती मात्र यंत्राची खोट हुडकण्यासाठी बनवलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमने शोधलेली होती. यंत्राला आपल्या खड्यांचे मोठे कडे करायला लावायचे, इतर कोपऱ्यांत खेळून त्याचे लक्ष तिकडे ठेवायचे आणि ते कडे बाहेरून हळूहळू वेढत आणायचे. बऱ्यापैकी हौशी माणसाला हा धोका लगेच दिसतो. यंत्राला दिसला नाही. अशा वर्तुळाकार गटाची मोकळीक संपत आली तरी ते त्याला सुरक्षितच समजत राहिले. नंतर त्यावर डागडुजी झाली, पण एवढे उघड झाले, की अनुभवातून कमावलेली नजर अनुभवाबाहेर गेली की आंधळी होते.

म्हणून गो संगणकाला अवघड का गेला, याचे सरळ उत्तर असे. खेळ अफाट होता म्हणून यंत्र दमले हे खरे, पण ते अडले अर्धवट पटाची किंमत करता येईना म्हणून. ही किंमत नियमांत लिहून देण्याचा हट्ट सोडला आणि यंत्राला ती शिकू दिली, तेव्हा अडसर निघाला. यंत्र गो जिंकायला शिकले. गो सुटला मात्र नाही. ५ बाय ५ च्या चिमुकल्या पटाचे संपूर्ण उत्तर २००२ मध्ये संगणकाने काढले: काळ्याने मधल्या बिंदूवर सुरुवात केली, तर सगळा पट त्याचा. १९ बाय १९ च्या पटावर दोघेही बिनचूक खेळले तर कोण किती गुणांनी जिंकेल, हे आजवर कोणत्याही माणसाला किंवा यंत्राला सिद्ध करता आलेले नाही.